पीस हललं तर

इग्लूलिक. संध्याकाळचे पाच.
सूर्य नोव्हेंबरात गेला तो जानेवारीतच परतेल.
तोवर गुरू आहे. या हिवाळ्यात तो मावळतच नाही,
उत्तरेला बर्फाशी जेमतेम टेकतो
आणि पुन्हा वर चढतो,
निजायचं नाव न घेणाऱ्या पोरासारखा.

उयाराकमामा वाकून उभा आहे.
पायाखाली अस्वलाच्या कातड्याचा तुकडा,
पाऊल वाजू नये म्हणून.
समोर आग्लू, सीलचं श्वास घ्यायचं भोक,
मुठीएवढंही नाही,
आणि त्यात उभं केलेलं एक पीस.
सील खालून वर आला की आधी पीस हलतं.
मग भाला.

तीन तास झाले.

मी लांब, स्लेजपाशी. बोलायचं नाही.
दक्षिणेला घरांच्या छपरांवर वीतभर शनी.
काल मामाला दुर्बिणीतून दाखवला.
यंदा कडी आडवी आली आहेत,
गोळ्यातून ओवलेला दोरा फक्त दिसतो.
तो म्हणाला, "मोती. भोक पाडलेला."
मग डोळा तसाच लावून,
"आणि आपली माणसं?"

मीच सांगितलं होतं त्याला फोनवर, ओटावाहून,
की तिथल्या काही चंद्रांना आपली नावं दिलीत.
सियार्नाक. इजिराक.
लांबून फिरणारे, ओबडधोबड, काळपट.
"इजिराक म्हणजे लपणारा आणि लपवणारा.
तो सापडला कसा?"
"मोठ्या दुर्बिणीने, मामा."
"मग तो नव्हेच."

शेवटी तो उठतो. गुडघे वाजतात.
स्लेजवर बसून थर्मासमधला चहा,
आणि आता मला बोलता येतं.

मी ज्याचा अभ्यास करते त्या चंद्राला आपलं नाव नाही.
एन्सेलाडस. इथून पाँड इनलेट जेवढं लांब
जवळपास तेवढीच त्याची रुंदी.
वरून सगळा बर्फ, आत समुद्र,
दक्षिण टोकाला चार लांब भेगा
आणि भेगांतून वाफ, रात्रंदिवस.

मामाचा कप तोंडाशीच थांबतो.
"आग्लू?"
"तसंच."
"बर्फ केवढा जाड?"
"काही कोस. टोकाशी कमी."
तो भाल्याच्या दांड्याकडे बघतो
आणि हसतो, बराच वेळ, खोकला येईपर्यंत.

"पीस ठेवलंत का तिथं?"

ठेवलं होतं. लोखंडाचं, तेरा वर्षं.
त्या वाफेतून गेलंही ते, आरपार,
मीठ लागलं त्याला, वाळूचे कण, हायड्रोजन.
मग इंधन संपत आलं
आणि आम्हीच त्याला शनीत ढकलून जाळलं,
चुकून पडून तिथलं पाणी बाटू नये म्हणून.

मला वाटलं तो चिडेल.
भोकापाशी उभं राहून शिकार न करता उठायचं
म्हणजे घरी काय सांगायचं?
तो गप्प. कप झटकतो,
उरलेला चहा पडता पडता गोठतो.
"बरं केलंत," म्हणतो.
"पण खाली कुणी आहे का?"
"माहीत नाही."
"वाफ तर येते."
"वाफ नुसत्या पाण्याचीही असते, मामा."
"असते," तो म्हणतो. "म्हणून तर उभं राहायचं."

त्याच्या टोपडीभोवती लांडग्याची फर,
तीन तासांचा श्वास तिच्यावर गोठून
चेहऱ्याभोवती पांढरं कडं झालं आहे.
मी त्याला सांगत नाही
की शनीचं एक कडं असंच,
त्या चिमुकल्या चंद्राच्या उच्छ्वासाचं,
गोठलेलं, विरळ, अजून भरत असलेलं.
सांगायला हवं होतं.
पण तो पुन्हा कातड्यावर जाऊन वाकला आहे.

जाताना दांड्याने बर्फ ठोकला त्याने,
दोनदा, कान देऊन,
आणि मागे न वळता विचारलं,
तिकडचा बर्फ कसा वाजतो गं?

माझ्या कुठल्याच तक्त्यात ते नाही.